कंपवातात पूरके आणि लेव्होडोपा : वैद्याची भूमिका

कंपवाताचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा तो बहुधा औषधांची पिशवी घेऊनच येतो. त्या पिशवीत लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या असतात, जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल असतात, परदेशस्थ मुलाने पाठविलेली को-एन्झाइम क्यू-१० ची बाटली असते आणि कोणीतरी सुचविलेले कवचबीज चूर्णही असते. 'वैद्यराज, हे सगळे एकत्र चालेल ना?' असा त्याचा प्रश्न असतो. 'वनस्पतीच आहे, चालेल' हे उत्तर जितके धोक्याचे, तितकेच 'त्या गोळ्या बंद करा' हेही. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास तीव्र ज्वर, सर्वांगाचा ताठरपणा व संज्ञाहानी होऊन प्राणांवर बेतू शकते. म्हणूनच या प्रश्नाचा द्रव्यनिहाय विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

थोडी पूर्वपीठिका

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २० व्या अध्यायात ८० नानात्मज वातविकार सांगितले. त्यांत वेपथूचा समावेश आहे. पाश्चात्त्य वैद्यकात जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. व्याधीच्या उपचारात पुढे क्रांती घडविणारे लेव्होडोपा हे द्रव्य १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी कवचबीजातून वेगळे काढले होते. मात्र कंपवातातील त्याचे कार्य १९६० च्या दशकातच उलगडले. आपल्या परंपरेतील द्रव्य आणि आजची प्रमुख गोळी यांत असे रासायनिक नाते आहे. हे नाते अभिमानास्पद आहे. तथापि सावधगिरीची आवश्यकताही त्यातूनच निर्माण होते.

कवचबीज : औषध की पूरक?

कवचबीजात सर्वसाधारणपणे ३ ते ६ टक्के लेव्होडोपा असते. म्हणजे १० ग्रॅम चूर्णातून ३०० ते ६०० मि.ग्रॅ. लेव्होडोपा पोटात जाऊ शकते. बियाणे, भूमी व शोधनसंस्कार यांनुसार हे प्रमाण बदलते. एकट्या चूर्णातील बहुतांश लेव्होडोपाचे रूपांतर मेंदूत पोहोचण्यापूर्वीच होऊन जाते. कार्बिडोपा हे रूपांतर रोखते. त्यामुळे लेव्होडोपाची गरज सुमारे पाऊणपट घटते. परिणामी, एकट्याने सौम्य वाटणारी चूर्णाची मात्रा कार्बिडोपा घेणाऱ्या रुग्णात कित्येक पटींनी प्रभावी ठरते. अनैच्छिक हालचाली, मळमळ, उभे राहताच रक्तदाब उतरणे, भ्रम व आभास ही अतियोगाची लक्षणे होत.

कवचबीजाच्या गुणांविषयी पुरावा आहे. एचपी-२०० या कल्पाचा ६० रुग्णांवरील अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. २००४ साली लंडन येथील अभ्यासात ३० ग्रॅम कल्पाचा परिणाम सरासरी सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला, तर प्रमाणित गोळीला सुमारे ६९ मिनिटे लागली. मात्र त्या अभ्यासात केवळ ८ रुग्ण होते. यावरून कवचबीज हे कार्यक्षम औषध आहे एवढे निश्चित ठरते. म्हणून त्यास 'पूरक' न मानता औषधाचीच शिस्त लावावी.

जीवनसत्त्वे व अन्य पूरके

जीवनसत्त्व ई हे व्याधीची गती मंदावेल अशी मोठी आशा होती. ८०० रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत प्रतिदिनी २००० एकक देऊनही लाभ आढळला नाही, हे १९९३ साली स्पष्ट झाले. को-एन्झाइम क्यू-१० ने २००२ साली ८० रुग्णांत आशा दाखविली. परंतु ६०० रुग्णांच्या चाचणीत १२०० व २४०० मि.ग्रॅ. या दोन्ही मात्रा निष्फळ ठरल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. १७४१ रुग्णांना समाविष्ट करणाऱ्या क्रिएटिनच्या चाचणीचा निष्कर्षही २०१५ साली तसाच आला. या महाग बाटल्यांवर होणारा खर्च सकस आहार व व्यायामाकडे वळविणे रुग्णहिताचे आहे.

जीवनसत्त्व ब-६ विषयी घोटाळा फार आहे. कार्बिडोपाविना लेव्होडोपा घेणाऱ्यास १० ते २५ मि.ग्रॅ. ब-६ देखील औषधाचा परिणाम घटवू शकते. गोळीत कार्बिडोपा असल्यास ही अडचण बहुतांशी उरत नाही. पण जो रुग्ण केवळ कवचबीज घेतो, त्याच्या बहुजीवनसत्त्व गोळीतील ब-६ तपासलेच पाहिजे. उलटपक्षी, लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-६ ची न्यूनताही आढळते. मनाने मोठी मात्रा घेणे येथेही अयोग्य. अतिरिक्त ब-६ ने संवेदी नाड्यांना इजा होते.

जीवनसत्त्व ब-१२ चे महत्त्व शाकाहारी रुग्णांत अधिक आहे. लेव्होडोपाच्या चयापचयात होमोसिस्टीन वाढते आणि ब-१२ कमी असल्यास ते अधिक वाढते. पायांत मुंग्या, दाह किंवा चालण्यात असमतोल वाढल्यास तो व्याधीचाच भाग मानण्यापूर्वी ब-१२ ची तपासणी करावी. पडून अस्थिभंग होण्याची भीती असल्याने जीवनसत्त्व ड ची न्यूनताही भरून काढावी. न्यूनता सिद्ध झाल्यावर ती दूर करणे, हा पूरकांचा खरा उपयोग होय.

लोह, दूध आणि वेळ

लोह लेव्होडोपाशी आतड्यात बद्ध होऊन त्याचे शोषण घटवते. हे लोहाच्या गोळीला लागू आहे. मंडूर व लोहभस्मयुक्त कल्पांबाबतही तीच दक्षता बाळगावी. दोहोंत किमान २ तासांचे अंतर ठेवावे. प्रथिनांतील काही अमिनो आम्ले आतड्यात व मेंदूच्या उंबरठ्यावर लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. ज्या रुग्णाचा गोळीचा परिणाम जेवणानंतर लोपतो, त्याने गोळी जेवणापूर्वी अर्धा तास पाण्याबरोबर घ्यावी. अशा रुग्णास दुधाचे अनुपान देताना विचार करावा. प्रथिने वर्ज्य करू नयेत; रुग्ण कृश होतो.

टाळावयाची द्रव्ये

सर्पगंधेचे रक्तदाबावरील कार्य १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी जगापुढे मांडले. तिच्यातील रेसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते. त्यामुळे कंपवातसदृश लक्षणे उद्भवतात व असलेली वाढतात. कंपवाताच्या रुग्णास सर्पगंधायुक्त कल्प देऊ नये. धोतरा व खुरासानी ओवा यांची द्रव्ये ट्रायहेक्सिफेनिडिलच्या जोडीला दिल्यास वृद्धांत मूत्रावरोध, मलावष्टंभ व चित्तभ्रम संभवतो.

व्यवहारातील नियम

१. रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक द्रव्याची नोंद नाव, मात्रा व वेळेसह करावी.
२. चालू औषध आपण होऊन बंद वा कमी करू नये. कवचबीज द्यावयाचे असल्यास मज्जातज्ज्ञांशी विचारविनिमय करावा.
३. एका वेळी एकच बदल करावा आणि उभ्याने व निजून रक्तदाब पाहावा.
४. बद्धकोष्ठतेची उपेक्षा करू नये. जठर मंद असल्यास गोळीचा परिणाम उशिरा येतो. स्नेहन, मृदू अनुलोमन व पुरेसे पाणी यांत आपला हातखंडा आहे.

कंपवाताचा रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याशी बांधला जातो. त्याच्या पिशवीतील प्रत्येक वस्तूचे कार्य ज्याला ठाऊक आहे, त्याच वैद्यावर तो विश्वासाने विसंबू शकतो. तो विश्वास सार्थ ठरविणे हे आपले कर्तव्य आहे.