कॉर्नवॉलचा कॅप्टन, कोलारची खाण

मोहन्यात वाढलेल्या माणसाला कंपनीचं गाव म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. घड्याळ भोंग्यावर लावायचं, माणसाची ओळख त्याच्या खात्यावरून आणि पाळीवरून करून घ्यायची. आमच्याकडे लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघायचा. एनआरसी या आमच्या कारखान्याला २००९ साली टाळं लागलं, तरी ते वळण अंगातून गेलेलं नाही. म्हणून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींबद्दल वाचताना मला सोन्यापेक्षा तिथे कामाला आलेल्या इंग्रज खाणकामगाराचं कुतूहल जास्त वाटलं. घरदार सोडून हा माणूस इतक्या लांब कसा आला, आणि आल्यावर नेमकं काय करत होता?

तो आला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरून, कॉर्नवॉलमधून. आपल्या कोकणासारखाच तो मुलूख: समुद्र, मासळी, आणि घरातला कर्ता पुरुष परगावी. तिथे जमिनीखाली कथील आणि तांबं होतं. पण खोल खणलं की पाणी लागतं, आणि ते उपसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यापायी कॉर्नवॉलच्या लोकांनी वाफेवर चालणारे प्रचंड पंप उभारले आणि कठीण खडकात खोल उतरण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या घोटली. १८६६ साली तांब्याचा भाव कोसळला, खाणी बंद पडू लागल्या. विद्या हातात होती, पण खाण राहिली नव्हती. माणसं ऑस्ट्रेलियाला गेली, दक्षिण आफ्रिकेला गेली, आणि काही कोलारला आली.

कोलार मराठी माणसाला अगदीच परकं नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. तिथे जुन्या काळापासून लोक सोनं खणत आले होते. लॅव्हेल नावाच्या आयरिश सैनिकाने म्हैसूर संस्थानाकडून १८७५ साली तिथे खणण्याचा परवाना मिळवला, पण भांडवलाअभावी त्याला तो दुसऱ्यांच्या हवाली करावा लागला. १८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली. तिला कॉर्नवॉलच्या खाणींचा जुना अनुभव होता, म्हणून माणसंही तिने तिकडचीच आणली. जुन्यांनी खणलेल्या पोकळ्यांच्या खाली भरघोस सोन्याची शीर लागली आणि गाडं रुळावर आलं.

या गोऱ्या मंडळींतल्या वरच्या माणसाला ‘कॅप्टन’ म्हणत. पलटणीशी त्याचा काही संबंध नव्हता. आपल्या भाषेत म्हणायचं तर तो मोठा मुकादम. खडकाच्या रंगावरून शीर कुठे वळेल याचा अंदाज बांधायचा, सुरुंगाचं भोक कुठे आणि किती खोल घ्यायचं ते ठरवायचं, छत धोक्याचं वाटलं तर माणसं मागे घ्यायची, ही त्याची कामं. पहारी आणि हातोडे चालवणारे बहुतेक तमिळ आणि तेलुगू मजूर होते. त्याला बंगला, क्लब आणि प्रार्थनेला चॅपल. त्यांना एका ओळीतल्या झोपड्या. मोहन्यातल्या वाचकाला हा नकाशा ओळखीचा वाटेल, फक्त कोलारला कातडीचा रंगही मधे होता.

खाणीत सोन्याचे गोळे सापडत नाहीत. काळ्या खडकात पांढऱ्या गारेचा एक तिरपा पट्टा खोल उतरत जातो आणि सोन्याचे बारीक कण त्या गारेत असतात. आधी विहिरीसारखा उभा बोगदा पाडायचा. मग ठरावीक अंतरावर, इमारतीला मजले असावेत तसे, आडवे बोगदे काढून गारेपर्यंत पोहोचायचं आणि दोन मजल्यांमधली गार सुरुंगाने फोडून खाली पाडायची. ती पिंजऱ्यातून वर आली की गिरणीत जाते. तिथे लोखंडी मुसळं तिचं पीठ करतात. ते पाण्यासोबत पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडलं की सोनं पाऱ्याला चिकटतं. तो लगदा बंद भांड्यात तापवायचा, म्हणजे पारा वाफ होऊन निघून जातो आणि सोनं तळाशी उरतं. पाऱ्याला न सापडलेले कण पुढे सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढत. त्याचा उरलेला चुरा कोलारला टेकड्यांसारखा साचला आहे.

गिरणी आणि पंपांना वाफ पुरेना, तेव्हा १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून वीज आणली. भारतातल्या कित्येक शहरांना तेव्हा विजेचे दिवे ठाऊक नव्हते.

खाणी पुढे तीन किलोमीटरहून खोल गेल्या. तिथला खडक साठ अंशांच्या वर तापलेला. त्यावर वरच्या डोंगराएवढा भार, त्यामुळे पोकळी केली की भिंत तोफेसारखी फुटायची. त्यात माणसं जागच्या जागी जात. दुसरं मरण सावकाश यायचं. कोरड्या खडकात भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. परदेशातल्या खाणींतून कॉर्नवॉलला परतलेले कितीतरी पुरुष या धुळीने ऐन उमेदीत दगावले. तोवर घरी पैसे येत राहिले. मनीऑर्डरवर चालणारं घर कोकणात ज्याने पाहिलंय, त्याला त्या गावच्या बायकांची वाट पाहणं निराळं सांगायला नको.

या खोलीचा एक उपयोग मात्र त्या कॅप्टनच्या स्वप्नातही आला नसता. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत इथल्याच एका खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खाली, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची चाहूल टिपली. अवकाशातून येणारे बाकीचे किरण वरच्या खडकाने अडवून धरले होते.

तोवर गोरे साहेब जवळजवळ गेलेच होते. १९५६ साली खाणी सरकारी झाल्या. गारेतलं सोनं घटत गेलं, खोलीचा खर्च वाढत गेला, आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर काम थांबलं. पुढे पंपही थांबले, आणि कॉर्नवॉलच्या माणसाने आयुष्यभर उपसलेलं पाणी एकेक मजला चढत वर आलं.