स्पेनची शाळा आणि मराठवाड्याची शाळा

छत्रपती संभाजीनगर येथील जालना रस्त्यावरचा क्रांती चौक हा शहरांतील अत्यंत गजबजलेल्या चौकांपैकीं एक होय. १८५७ सालीं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळानें या शहरांत उठाव केला. त्यांतील शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्यापाशीं देहांत शासन झालें, तो चबुतरा याच जागीं होता. आज येथें छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे आणि त्याच्या सावलींतून रोज शेंकडों विद्यार्थी ये-जा करितात. त्यांपैकीं एखाद्यास कोणीं विचारलें कीं, "बाळ, भाषा, धर्म आणि तत्त्वज्ञान यांविषयीं तूं शाळेंत काय शिकतोस?" तर भाषेचें उत्तर तो चटकन देईल, धर्माच्या नांवावर घुटमळेल, आणि तत्त्वज्ञान हा शाळेचा विषय असूं शकतो, हेंच त्याला नवल वाटेल.

हाच प्रश्न स्पेन देशांतील मुलाला विचारला तर उत्तर निराळें येतें. तेथें बारा ते सोळा या वयाचें माध्यमिक शिक्षण सक्तीचें असून त्यापुढें 'बाचियेरातो' नांवाचा दोन वर्षांचा उच्च माध्यमिक क्रम आहे. स्पॅनिश भाषेच्या तासाला मुलें व्याकरणाबरोबर सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोते'शीं परिचय करून घेतात. या कादंबरीचे दोन भाग १६०५ व १६१५ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या प्रांतांची मातृभाषा कॅटलन, बास्क किंवा गॅलिशियन आहे, तेथील मुलें तीही शिकतात. जनरल फ्रँकोच्या अमदानींत या भाषांना शाळेचें दार बंद होतें. त्याच काळांत कॅथलिक धर्मशिक्षण मात्र प्रत्येक मुलाला सक्तीचें होतें. १९७५ सालीं फ्रँको निवर्तला, १९७८ सालीं नवी राज्यघटना आली आणि १९७९ सालीं पोपच्या शासनाशीं करार होऊन असें ठरलें कीं, धर्माचा वर्ग शाळेनें ठेवावा, पण त्यांत बसावें कीं नाहीं हें विद्यार्थ्यानें व पालकांनीं ठरवावें. १९९२ सालीं प्रॉटेस्टंट, यहुदी आणि मुसलमान यांच्या संस्थांशींही सरकारनें करार केले.

तत्त्वज्ञानाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. २०१३ च्या कायद्यानें तत्त्वज्ञानाचा इतिहास हा विषय सर्वांना आवश्यक राहिला नाहीं. त्यावर शिक्षकांनीं फार मोठा आक्षेप घेतला. अखेर २०२० च्या कायद्यानें बाचियेरातोच्या दोन्हीं वर्षीं तत्त्वज्ञान सर्वांसाठीं पुन्हा आवश्यक झालें. उलट धर्म विषयाचे गुण सरासरींत धरावयाचे नाहींत, असेंही त्याच कायद्यानें ठरविलें. म्हणजे शास्त्र शिकणारा मुलगा असो कीं साहित्य शिकणारी मुलगी असो, प्लेटो, ॲरिस्टॉटल, देकार्त आणि कांट यांची ओळख झाल्यावांचून तीं पदवीच्या वर्गांत जात नाहींत.

श्रोत्यांस वाटेल कीं, स्पेन कोठें आणि मराठवाडा कोठें! परंतु हे दोन प्रदेश वाटतात तितके परके नाहींत. संस्कृतांतील 'शर्करा' मराठींत 'साखर' झाली. तीच फारसी-अरबी मार्गानें स्पेनमध्यें जाऊन 'आसूकार' झाली. आपल्याकडील चतुरंगाचा डाव तेथें 'आखेद्रेस' म्हणून ओळखला जातो. 'नारिंग' हें फळ तेथें 'नारांखा' आहे. दख्खनींत जो 'काझी', तोच स्पॅनिश भाषेंत 'आल्काल्दे', म्हणजे नगराध्यक्ष, झाला. स्पेनच्या कोर्दोबा नगरींत ११२६ सालीं जन्मलेला इब्न रुश्द हा स्वतः काझी होता. श्रद्धा आणि तर्क यांचा खरा विरोध नाहीं, असें त्यानें ग्रंथ लिहून प्रतिपादिलें. उतारवयांत त्याला हद्दपारी सोसावी लागली, त्याचे ग्रंथ जाळले गेले. तरी ॲरिस्टॉटलवरील त्याच्या भाष्यांनीं युरोपांतील विद्यापीठें जागीं केलीं. धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांतील भेद समजण्यास त्याचें चरित्र उपयोगी पडतें. धर्मशास्त्र श्रद्धेच्या आंत उभें राहून तिचा अर्थ लावतें. तत्त्वज्ञान श्रद्धेलाही आधार काय, असा प्रश्न विचारतें.

आतां मराठवाड्याकडे वळूं. निझामी राजवटींत औरंगाबाद हें विद्येचें मोठें केंद्र होतें. मौलवी अब्दुल हक यांनीं उर्दू भाषेच्या वृद्धीची संस्था अनेक वर्षें याच शहरांतून चालविली. १९१७ च्या फर्मानानें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र व इतर शास्त्रें यांवरील ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं भाषांतर-संस्था निघाली. भारतीय भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग थोर होता, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु ज्या मराठी मुलाच्या घरीं उर्दूचा शब्द नव्हता, त्याला इतिहास आणि गणितही परभाषेंतून शिकावें लागे. म्हणूनच १९१५ सालीं औरंगाबादेस निघालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांना एवढें महत्त्व आलें.

१९२३ सालीं औरंगाबादेस सरकारी इंटरमीजिएट कॉलेज निघालें. आजच्या अकरावी-बारावीचाच तो दर्जा. उस्मानियाच्या शिक्षणक्रमांत मुसलमान विद्यार्थ्यांना 'दीनियात', म्हणजे धर्मशास्त्र, आणि इतरांना 'अखलाकियात', म्हणजे नीतिशास्त्र, अशी विभागणी होती. एका बाकावर बसून भूमिती शिकणारे दोन मित्र या तासाला दोन खोल्यांत जात. कोणीं कोणत्या खोलींत जावयाचें, हें मुलाच्या जिज्ञासेनें ठरत नसे, जन्मानें ठरे. एकाच्या श्रद्धेंत काय आहे तें दुसऱ्याला कळत नसे, आणि स्वतःच्या श्रद्धेविषयीं शंका विचारण्यास कोणत्याच खोलींत फारशी जागा नसे.

१९४८ च्या सप्टेंबरांत निझामी राजवट संपली. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें असा नियम केला कीं, सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं; आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेंत कोणासही संमतीवांचून त्या वर्गास बसवावयाचें नाहीं. दोन खोल्यांचा भेद अशा रीतीनें मिटला. हें योग्यच झालें; पण रिकाम्या झालेल्या त्या तासाला सर्व मुलांनीं एकत्र बसून काय शिकावें, या प्रश्नाचें उत्तर अपुरें राहिलें.

महाराष्ट्रांत दहावीपर्यंत तत्त्वज्ञान हा स्वतंत्र विषय नाहीं. अकरावी-बारावींत तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान आहेत, पण ते ऐच्छिक, आणि मुख्यतः कला शाखेचे. वास्तविक तर्कशास्त्राचा धडा किती उपयोगी असतो पाहा. "पाऊस पडला तर रस्ता ओला होतो; रस्ता ओला आहे; म्हणून पाऊस पडला." हें अनुमान प्रथम बिनचूक वाटतें. पण भर उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर गळत गेला तरीही रस्ता ओला होतो, हें या शहराच्या मुलास सांगावें लागत नाहीं! अशी चूक ओळखूं लागलेला मुलगा पुढें अफवा, जाहिरात आणि सभेंतील गर्जना यांनाही तीच कसोटी लावतो. डॉक्टर व इंजिनियर होऊं इच्छिणाऱ्यांना ही कसोटी नको, असें कोण म्हणेल?

या शहराला त्यासाठीं आदर्श शोधावयास स्पेनला जाण्याचें कारण नाहीं. ज्या वर्षीं राज्यघटना अंमलांत आली, त्याच १९५० सालीं तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संस्थेनें येथें महाविद्यालय काढलें. त्याला मिलिंद राजाचें आणि त्याच्या परिसराला नागसेन भिक्षूचें नांव मिळालें. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत नागसेन वादापूर्वीं राजाला एक अट घालतो: वाद पंडितांच्या रीतीनें होणार असेल तर मी बोलेन, राजांच्या रीतीनें होणार असेल तर नाहीं. पंडिताची चूक दाखविली तरी तो रागावत नाहीं. राजा मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतो. मिलिंदानें ती अट मान्य केली. ही एक अट पाळणारा तास आठवड्यांतून एकदां जरी शाळेच्या वेळापत्रकांत आला, तरी पूर्वीं दोन खोल्यांत विभागलीं जाणारीं मुलें एका खोलींत बसून एकमेकांना प्रश्न विचारूं लागतील.