बोर्डी-कोसबाड येथील बालसेविकांच्या वह्या

तारापूरचे नाव निघताच आपल्या वाचकांस चिमाजी आप्पांची इ. स. १७३९ ची मोहीम आठवते. त्याच किनाऱ्यावर उत्तरेस, आजच्या पालघर जिल्ह्यातच, बोर्डी आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले.

ताराबाईंनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. माँटेसोरी पद्धतीची साधने मात्र खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने व माती हीच साधने झाली. गाणे, गोष्ट, मातीकाम व चित्र ही बालवाडीची अंगेच ठरल्यामुळे, ती शिकविणारीच्या हाती व गळी असणे ओघानेच आले.

या मुलखात कला बाहेरून आणावयाची नव्हती. वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढतात, आणि त्यास ‘लिहिणे’ म्हणतात. संस्कृत ‘लिख्’ धातूत ओरखडणे, रेखाटणे व लिहिणे हे तिन्ही अर्थ आहेतच. धवलेरी त्या वेळी गाते.

पोथ्या जमविणाऱ्यांस विनंती ही की, जुन्या बालसेविकेची टिपणवही, गाण्यांची यादी अथवा पाठाचे चित्र आढळल्यास ते रद्दीत जाऊ देऊ नये. मूळ पाने जपून नक्कल करावी व गावाचे नाव आणि साल टिपावे. गाण्यांच्या चाली वहीत सापडावयाच्या नाहीत. त्या म्हणणारीच्या तोंडूनच, ती आहे तोवर, उतरून घ्याव्या लागतील.