आधी चाकांवर उभी करा, मग आवळा

स्पीडब्रेकरवरून उतरताना गाडीच्या पुढच्या बाजूने ‘खट’ असा आवाज आला की पहिला संशय शॉकअपवर जातो. शॉकअप दिसतो, त्यातून गळलेलं तेल दिसतं, त्यामुळे बिलाचा आकडाही पटतो. बुश मात्र चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाला, चिखलाने माखलेला, कुणाच्या नजरेला न पडणारा. जोडीने शॉकअप बदलूनही आवाज जसाच्या तसा राहिला, की मग कुठे त्याची आठवण होते.

लोअर आर्मचा बुश म्हणजे एकीत एक बसलेल्या लोखंडाच्या दोन नळ्या आणि मधल्या जागेत दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते. आतलीतून बोल्ट जातो आणि ती ब्रॅकेटमध्ये आवळली जाते. चाक वर-खाली होतं तेव्हा या नळ्या एकमेकींवर फिरत नाहीत. मधलं रबर पीळ खातं आणि चाक जागेवर आलं की पीळ सुटतो. घासणारं काहीच नाही, म्हणून ग्रीसही लागत नाही. अ‍ॅम्बेसेडरच्या काळात ग्रीसगनची सवय लागलेले काही मालक तरीही ‘जरा ग्रीस मारून दे’ म्हणतात. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज काही दिवस दबतो, बुश मात्र लवकर संपतो.

मारुती ८००चंच घ्या. १९८३ ते २०१४ पर्यंत बनलेली ही गाडी अजूनही अनेक घरांत हौसेने सांभाळलेली दिसते. तिचा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बुशवर टेकलेला. असा आर्म पुढे-मागे सरकू नये म्हणून आणखी एक आधार हवा. सुझुकीने ते काम स्टॅबिलायझर बारवरच टाकलं. एरवी हा बार वळणावर गाडी फार कलू नये एवढ्यासाठी असतो. इथे तो चाकाला पुढे-मागेही धरून ठेवतो. वजन वाचलं, पैसे वाचले, रचना खरोखर हुशारीची. पण बारच्या टोकांची रबरं मेली, की ब्रेक दाबताच चाक किंचित मागे सरकतं. एका बाजूचं रबर जास्त गेलं असेल तर गाडी एकीकडे ओढते. मग ब्रेकसाठी चाकं उघडली जातात, पॅड बदलले जातात, आणि दुखणं तिथे नसतंच.

तपासणी सोपी आहे. गाडी रॅम्पवर घ्यायची, आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच रेटायचं आणि टॉर्च मारून बघायचं. रबराच्या पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या म्हणून लगेच घाबरायला नको. रबर नळीपासून सुटून फट पडली असेल, तर बुश गेलाच. ‘गाडी चाललीच कुठे आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. उभ्या गाडीचं रबरही उष्णतेने कडक होत जातं आणि हवेतल्या ओझोनने त्याला चिरा पडतात.

जुना बुश काढताना काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने रबर जाळतात. धूर विषारी, आणि आर्मही विनाकारण तापतो. हायड्रॉलिक प्रेस हीच खरी वाट. नवा बुश घालताना साबणाचं पाणी पुरतं. हातोड्याने ठोकला तर नळी वाकडी होते. काही गाड्यांच्या बुशमधल्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांची दिशा चुकली तर नवा बुशही नीट काम करत नाही.

आणि आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळलेली. त्याच स्थितीत मेकॅनिक बोल्ट करकचून आवळतो. आतली नळी तिथेच जखडते. गाडी खाली आली, तिचं वजन चाकांवर पडलं, की आर्म वर येतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. उभ्या गाडीतही ते ताणलेलंच राहतं, आणि खड्डा आला की त्या ताणात भर पडते. असा बुश अकाली फाटतो, आणि दोष येतो ‘डुप्लिकेट माला’वर. म्हणून वर असताना बोल्ट फक्त लावून ठेवायचा. गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. काम काही मिनिटांचं. मालकाने शेजारी उभं राहून करून घ्यावं, त्यात संकोच कसला?

हल्ली पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते टिकाऊ असतात, पण कडक. रस्त्याची कंपनं जास्त आत येतात आणि नेमून दिलेलं ग्रीस नसेल तर कुरकुरतात. घरच्या वापराच्या ८००ला रबरच बरं.

बुश बदलल्यावर व्हील अलाइनमेंट हवंच. ८००मध्ये पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) तेवढा जुळवता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) नाही. नव्या बुशनंतरही मशीन कॅम्बर चुकीचा दाखवत असेल, तर वाकलेला आर्म किंवा स्ट्रट शोधावा लागेल.