चोरघंटा मुकी का होते?

उमऱ्याला किंवा गावी निघताना पुष्कळ लोक घराचा मेन स्विच बंद करतात. खबरदारी म्हणून ठीक. पण चोरघंटेची वीजही तेव्हाच तुटते. मग ती पेटीतल्या बॅटरीवर चालते. ही बॅटरी बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची असते. यंत्र 100 मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर हिशेबाने 70 तास. जुनी बॅटरी त्याच्या कितीतरी आधी दम तोडते. पुढचे दिवस घर अल्लाहच्या हवाली!

परतल्यावर मेन सुरू करूनही पेटीवरचा दिवा लागला नाही, तर लगेच कारागीर बोलावू नये. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहावा. तो पेटला, तर मेन बंद करून पेटीतला फ्यूज तपासावा. उडाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा, तार गुंडाळू नये. नवाही उडाला, तर मात्र काम कारागिराचेच.

दिवा लागतो, पण प्लग काढताच यंत्र मरते? दोष बॅटरीचा. पूर्ण उतरून पडून राहिलेली बॅटरी सहसा पुन्हा नीट चार्ज होत नाही, ती बदलावी. तीन-चार वर्षांनी तशीही बदलावीच लागते, तिथे काटकसर आम्हाला पसंत नाही. चोरघंटेसाठी वायरमनकडून वेगळा स्विच काढून घ्यावा, म्हणजे बाकी घर बंद करूनही ती चालू राहील.