ओरिएंटियरिंग टीव्हीवर पाहायचं तर नकाशाकडे बघा

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन, अनोळखी रानातली ठरलेली ठिकाणं क्रमाने गाठत धावण्याची शर्यत. खेळाडू झाडीत दिसेनासे होतात, म्हणून हा खेळ टीव्हीसाठी नाहीच, असं सर्रास म्हटलं जातं. फिनलंडच्या युकोला रिलेने हा आक्षेप खोडून काढला आहे. १९४९ पासूनची ही सात टप्प्यांची शर्यत जूनमध्ये रात्री सुटते, सकाळी विजेते ठरतात आणि 'यले' ही सार्वजनिक वाहिनी ती रात्रभर थेट दाखवते. हे जमतं जीपीएसमुळे. आघाडीच्या धावपटूंच्या अंगावरची यंत्रं त्यांची जागा कळवत राहतात आणि पडद्यावरच्या नकाशावर ठिपके सरकतात. एकजण टेकडी सरळ चढतो, दुसरा वळसा घालतो. कोण पुढे आहे हे त्या दोघांना अंधारात कळत नाही, आपल्याला मात्र स्पष्ट दिसतं! इतका थरार फार थोड्या खेळांत असतो.

ठिपक्यांत दमछाक दिसत नाही, हे मान्य. त्यासाठी रानातले आणि बदलीच्या जागेवरचे कॅमेरे हवेतच, पण नकाशाच्या जोडीला. शहरातली स्प्रिंट चित्रित करायला सोपी, म्हणून तीच दाखवा, असंही काहीजण सुचवतात. २००१ पासून ती जागतिक स्पर्धेत आहे आणि चुरशीचीही असते. तरी तिथली चूक काही सेकंदांची. रानात एक चुकीची वाट अख्खी आघाडी घालवते. येत्या जूनमध्ये युकोलाचा जीपीएस नकाशा ऑनलाइन उघडा आणि एकच संघ धरून शेवटपर्यंत पाहा.