विष्णुपदाखालची शिळा

"आईचं नाव? आजीचं? पणजीचं?"

गयेच्या विष्णुपद मंदिरात गुरुजींनी विचारलं आणि पिंड वळणारा भावाचा हात थांबला. वडील, आजोबा, पणजोबा ही नावं त्याने गोत्रासकट धडाधड सांगितली होती. आईचं आणि आजीचं नावही सांगितलं. पणजीपाशी मात्र तो अडला. मी शेजारीच बसले होते, मलाही आठवेना. पणजोबांचं नाव आमच्या जुन्या सातबाऱ्यावर आहे, वाड्याच्या दारावर आहे. पणजी आहे ती एका पिवळ्या पडलेल्या फोटोत, कपाळापर्यंत पदर ओढून बसलेली. गुरुजींना हे नवं नसावं. "नाव ठाऊक नसेल तर नुसतं प्रपितामही म्हणा, पोचतं," म्हणाले आणि भावाच्या हातावर तीळ घातले.

ते पोचलं असेल. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. परत आल्यावर गयेबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येत राहिली. पुत्राने पित्यासाठी जायचं हे क्षेत्र उभं आहे ते बायकांच्या आधारावर.

बोधगयेजवळ लीलाजन आणि मोहना या दोन नद्या एकत्र येतात आणि पुढे फल्गू म्हणून वाहतात. तिच्या पश्चिम काठावर, करड्या दगडाचं, सुमारे शंभर फूट उंच शिखराचं हे मंदिर आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. चांदीने मढवलेल्या अष्टकोनी कुंडात खडकावर उमटलेलं पाऊल आहे, हातभरापेक्षा थोडं कमी लांबीचं. लोक त्यावर पिंड वाहतात, त्यामुळे दिवस चढला की तिथे पाऊल दिसत नाही. जवाच्या पिठाचा, तिळाचा, तुळशीचा, दुधाचा ओला ढीग दिसतो. पुजारी तो सारखा बाजूला सारत असतात.

गयेचं नाव फार जुनं आहे. विष्णूच्या तीन पावलांचा अर्थ सांगताना यास्काने निरुक्तात एका पूर्वाचार्याचं मत दिलं आहे, त्यात विष्णुपद आणि गयाशिर ही नावं येतात. महाभारताच्या वनपर्वात गया आहे, तिथला वटही आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (1953) गयेवर विस्ताराने लिहिलं. गयासुराची कथा म्हणजे बौद्ध धर्मावरच्या विजयाचं रूपक, असं राजेंद्रलाल मित्रांनी 1878 मध्ये मांडलं होतं. काण्यांना ते पटलं नाही. मलाही काण्यांचं म्हणणं पटतं. त्या कथेत जिंकण्याचा आनंद कुठे नाहीच. त्याच्या दर्शनाने कोणीही तरून जावं इतका पवित्र झालेला एक असुर. देव त्याच्याकडे यज्ञासाठी त्याचाच देह मागतात, तो आडवा होतो. तरी डोकं हलतच राहतं, म्हणून त्यावर शिळा ठेवतात, तीही हलते, तेव्हा विष्णू स्वतः त्या शिळेवर पाय रोवून उभा राहतो.

ही एवढी कथा सगळे सांगतात. ती शिळा कोण, हे सहसा कोणी सांगत नाही. वायुपुराणाशी जोडलेल्या गयामाहात्म्यात ते आहे. धर्माची मुलगी धर्मव्रता, मरीची ऋषींची बायको. थकून आलेल्या नवऱ्याचे पाय चेपत असताना ब्रह्मदेव आले. म्हणजे सासरे. ती उठून त्यांच्या स्वागताला गेली. मरीचींना जाग आली, बायको पायाशी नाही हे पाहून त्यांनी शाप दिला, शिळा हो. काही चूक नसताना दगड झालेल्या या बाईने मग घोर तप केलं, आणि देवांकडून मागून घेतलं ते हेच की शिळा व्हायचंच असेल तर सर्वांत पवित्र शिळा होईन. पाऊल विष्णूचं, पण ते ज्यावर उमटलं ती ही धर्मशिळा.

दुसरी बाई सीता. ही गोष्ट वाल्मीकी रामायणात नाही, पण फल्गूच्या काठी लहान मूलही ती सांगेल. राम-लक्ष्मण श्राद्धाचं साहित्य आणायला गेलेले, वेळ टळत चाललेली, आणि वाळूतून दशरथाचे हात वर आले. सीतेजवळ काही नव्हतं. तिने वाळूचाच पिंड दिला. राम परतल्यावर तिने साक्षीदार पुढे केले, तर नदी, गाय, केतकी सगळ्यांनी कानावर हात ठेवले. खरं बोलला फक्त वड. म्हणून तो अक्षयवट, आणि फल्गू शापाने कोरडी. पलीकडच्या काठावर सीताकुंड आहे, तिथे आजही वाळूचे पिंड देतात. आमच्या गुरुजींनी मलाही हात लावायला सांगितलं. "सीतामाईंनी दिलाय, तुम्हाला कोण अडवणार?"

2022 च्या सप्टेंबरपासून मंदिराजवळ नदीवर रबरी बंधारा आहे, 411 मीटर लांब आणि 3 मीटर उंच. त्यामुळे देवघाटावर आता पाणी राहतं. पूर्वी लोक वाळूत हाताने खड्डा करायचे आणि त्यात झिरपून आलेलं पाणी ओंजळीने घ्यायचे. पलीकडे एका कोरड्या पट्ट्यात मी करून पाहिलं. कोपरभर उकरल्यावर वाळूचा रंग गडद झाला, मग तळाशी हळूहळू वाटीभर पाणी जमलं, गार आणि नितळ. म्हाताऱ्या यात्रेकरूंची सोय झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नदी आत आहे हे हाताला कळायचं, ते नव्या माणसाला आता कळणार नाही, याचं वाईटही वाटतं.

गयेची आणि मराठी माणसाची ओळख जुनी. काशी, प्रयाग, गया या तीन क्षेत्रांचे विधी सांगणारा 'त्रिस्थलीसेतु' लिहिला सोळाव्या शतकातल्या नारायणभट्टांनी. त्यांचं घराणं पैठणहून काशीला गेलेलं. 1735 मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, त्या गयेलाही जाऊन आल्या. पण आज जे मंदिर आपण पाहतो ते अहिल्याबाई होळकरांचं, 1787 चं. मुलूख तेव्हा इंग्रज कंपनीच्या ताब्यातला, होळकरांचा नव्हे. जवळच्या पत्थरकट्टी गावात अजून छिन्नीचा आवाज येतो. मंदिराच्या कामासाठी आपले पूर्वज राजस्थानातून आले, असं तिथले कारागीर सांगतात.

अहिल्याबाईंनी किती देवळं बांधली याच्या याद्या आपण पाठ करतो. गयेत त्या यादीचा विसर पडला आणि तारखा आठवू लागल्या. 1754, कुंभेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला. 1766, सासरे मल्हारराव. 1767, एकुलता मुलगा मालेराव. शास्त्र सांगतं की पुत्र हवा तो गयेला जाऊन पिंड देण्यासाठी. ज्या घरात पिंड द्यायला पुत्रच उरला नाही, त्या घरातल्या बाईने सगळ्या जगाच्या पुत्रांसाठी हे मंदिर बांधलं. त्यांच्या मनात काय होतं याचा पुरावा माझ्याजवळ नाही, पण मला ते दुसऱ्या कुठल्याही रीतीने वाचता येत नाही. मंदिर झालं आणि चार वर्षांनी मुलगी मुक्ताबाईही सती गेली.

गयेत मातृषोडशी नावाचा विधी आहे. आईसाठी सोळा पिंड. भाऊ एकेक ठेवत होता आणि गुरुजी प्रत्येकाचा अर्थ हिंदीत सांगत होते. हा तुझ्या ओझ्याने तिचं अंग मोडून यायचं त्याबद्दल. हा तिने घेतलेल्या कडू काढ्यांबद्दल. हा बाळंतकळांबद्दल. हा रात्री तू ओलं केलेल्या अंथरुणावर ती झोपली त्याबद्दल. वडिलांच्या पिंडांना असा हिशोब नसतो. सातव्या-आठव्या पिंडानंतर भावाला दर्भ धरवेना. शेजारच्या ओळीत एक मिशाळ, धिप्पाड गृहस्थ लहान मुलासारखे रडत होते आणि त्यांची बायको पदराने त्यांचं तोंड पुसत होती.

शेवट अक्षयवटापाशी. तिथे गयावळ, म्हणजे गयेचे पंडे, 'सुफल' म्हणतात, मग यात्रा पुरी होते. तिथेच आवडीचं एखादं फळ सोडायचं, ते गयावर्जन. आमची आजी इथूनच रामफळ सोडून आली होती. आम्हा नातवंडांना गर काढून द्यायची, बिया ताटलीत मोजायची, पण स्वतः बोटसुद्धा चाटायची नाही.

अक्षयवटाला जायच्या आदल्या रात्री मी सांगलीच्या आत्याला फोन केला होता. ऐंशी पार केलेली, ऐकू कमी येतं. तीनदा विचारल्यावर म्हणाली, "पणजीचं नाव? कुठलं सांगू, सासरचं की माहेरचं?" आणि दोन्ही सांगितली.

वडाखाली गयावळांनी लाल कापडात बांधलेली वही उघडली. आजोबांची नोंद सापडली, निळ्या शाईत, वळणदार सही. आजीसाठी त्यात एकच शब्द होता, सहकुटुंब. भावाने आमची नोंद लिहिली. वडील, आजोबा, पणजोबा. मग वही माझ्याकडे सरकवली. मी खाली आई लिहिली, आजी लिहिली आणि पणजी लिहिली, दोन्ही नावांनी. गयावळांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.